ट्रॉलीमागील तांबडा दिवा

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे आमच्या कुंडल गांवच्या रस्त्यांस रात्रींदेखील विसांवा नसतो. उंसानें भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर कारखान्याकडे चाललेले असतात. त्यांपैकीं पुष्कळांचे मागचे दिवे मुळींच लागत नाहींत. मालकास विचारावें तर, "वायरिंगचा फॉल्ट आहे, हंगाम संपल्यावर बघूं," असें उत्तर मिळतें. हें उत्तर जाणत्या शेतकऱ्यास शोभत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मागील हंगामांत एके रात्रीं आम्ही पुतण्याच्या मोटारसायकलीवर मागें बसून घरीं येत होतों. अंधारांत रस्त्याच्या कडेस उभी असलेली ट्रॉली त्यास अवघ्या चार हातांवर दिसली. ईश्वरकृपेनें वांचलों. ट्रॉली आमच्याच भावकींतली निघाली. दुसरे दिवशीं तपासतां तिचे बल्ब चांगले होते. फक्त अर्थाची तार तुटलेली होती. ती जोडण्यास अर्धा तासही लागला नाहीं. अर्ध्या तासाच्या कामासाठीं दोन जीव जाणार होते!

आमच्या वाडवडिलांनीं बैलगाडीच्या आंसाखालीं कंदील टांगल्यावांचून रात्रीं गाडी जुंपली नाहीं. कंदिलाची कांच ते स्वतः पुसत. आजचा दिवा विजेचा झाला, म्हणून त्याची काळजी परक्याची कां व्हावी?

दोष शोधण्याची रीत कठीण नाहीं. आम्ही महसूल खात्यांत नोकरी केली. जमिनीची हद्द काढतांना ओळखीच्या दगडापासून मोजणी सुरू करतात, तद्वत् येथेंही जेथपर्यंत वीज खात्रीनें येते तेथून मागें जावें. दिव्याचें बटण चालू करून प्रथम ट्रॅक्टरचे स्वतःचे मागचे दिवे पाहावे. तेही विझलेले असल्यास फ्यूज किंवा बटण तपासावें.  ते लागत असून संपूर्ण ट्रॉलीच अंधारांत असेल, तर दोष बहुधा सॉकेटांत किंवा हुकाजवळच्या तारेंत सांपडतो. बारा व्होल्टच्या एका बल्बास दोन तारा जोडून ठेवाव्या. एक तार ट्रॅक्टरच्या रंग खरवडलेल्या लोखंडास व दुसरी सॉकेटच्या एकेका भोंकास लावावी. बल्ब लागला तर वीज तेथवर आली, दोष पुढें आहे. पिनांवर हिरवा थर चढला असल्यास तो खरवडून काढावा. एकच दिवा बंद असेल तर त्याचा बल्ब व होल्डर पाहावा.

सर्वांत फसवा दोष अर्थाचा होय. विजेस जाण्यास जशी तार लागते, तशी परत येण्यासही वाट लागते. कित्येक ट्रॉल्यांत ही परतीची तार नसतेच. वीज हुकाच्या पिनेवाटे कशीबशी परतते. पिनेस वंगण व गंज, त्यांत वाटेचे हिसके. मग दिवे मिणमिणतात, किंवा ब्रेक दाबतांच दिशादर्शक दिवे उजळतात. अशा वेळीं ट्रॅक्टरच्या लोखंडापासून ट्रॉलीच्या लोखंडापर्यंत एक सुटी तार धरून पाहावी. दिवे उजळले कीं दोष सिद्ध झाला. उपाय एकच : अर्थाची स्वतंत्र तार मागच्या ट्रॉलीपर्यंत न्यावी.

फ्यूज वारंवार जळत असल्यास एखादी तार लोखंडास घांसून उघडी पडली आहे असें समजावें. फ्यूजच्या जागीं जाड तार किंवा चांदी घालणें म्हणजे आगीस आमंत्रण देणें होय. मागचा दिवा पांच वॅटचा, ब्रेकचा एकवीस वॅटचा. दोन ट्रॉल्यांच्या चार ब्रेक-दिव्यांस बारा व्होल्टवर सुमारें सात अँपिअर लागतात. बारीक तार व नुसता पीळ दिलेले जोड एवढा भार सोसत नाहींत. वळणावर ताणणार नाहीं व खोडव्यांत अडकणार नाहीं, इतकीच ढिलाई तारेस ठेवावी.

दिवा लागूनही दिसत नाहीं, असेंही घडतें. लोंबणारें वाढें त्यावर पडतें आणि चिखल रिफ्लेक्टर झांकतो. निघण्यापूर्वीं वाढें छाटावें व कांच पुसावी.

कोणी म्हणतील, हें ड्रायव्हरचें किंवा मेस्त्रीचें काम. आम्हांस तें मान्य नाहीं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्या तांबड्या दिव्यांची सक्ती आहेच. परंतु ड्रायव्हर हंगामापुरता असतो, ट्रॉली मालकाची असते. आमच्या शेजारींच किर्लोस्करवाडी १९१० सालीं वसली. तेथील लोखंडी नांगरानें जमीन विषारी होईल, अशी भीति त्या काळीं शेतकरी बाळगीत. पुढें तोच नांगर त्यांनीं आपलासा केला. ज्यांनीं नांगर आत्मसात् केला, त्यांच्या नातवंडांस एक तार जड कां वाटावी?

तरी आमची सूचना अशी कीं, प्रत्येक सोसायटीनें हंगामापूर्वीं एक दिवस ट्रॉल्यांच्या दिव्यांची तपासणी ठेवावी, आणि प्रत्येक मालकानें ट्रॅक्टरच्या पेटींत परीक्षेचा बल्ब, दोन जादा बल्ब, फ्यूज व हातभर तार ठेवावी. उंसाचें वजन कांट्यावर होतें. परंतु रस्त्यावर गेलेल्या माणसाची भरपाई कोणत्याही कांट्यावर होत नाहीं, हें आमच्या बंधूंनीं ध्यानांत ठेवावें.