नंदीबैलाला कीबोर्ड देऊ नका

भारतातल्या बँकेला परदेशातून फोन करण्याचा अनुभव तुमच्यापैकी बहुतेकांना असेल. इथली रात्र, तिकडची सकाळ. यंत्रातला आवाज आधी भाषा विचारतो, मग खाते की कार्ड ते विचारतो, मग आणखी काहीबाही. चार-पाच वेळा फोन झाला की आपण ऐकणेच सोडून देतो. बोटांना क्रम पाठ असतो: तीन, एक, चार. आणि मग कधीतरी बँक तो मेनू बदलते. माझ्या बोटांनी सवयीने तीन, एक, चार दाबले, आणि शिल्लक सांगण्याऐवजी तो आवाज माझे कार्ड कायमचे बंद करायचे ना, अशी खात्री करून घेऊ लागला. घाईने फोन ठेवला म्हणून वाचले.

आज तुमच्याशी ज्या विषयावर बोलायचे आहे तो हाच, फक्त फोनच्या जागी संगणक आहे.

विज्ञानात वापरले जाणारे पुष्कळ प्रोग्रॅम अजूनही खिडक्या-बटणांशिवाय, काळ्या पडद्यावर चालतात. ते प्रश्न विचारतात, आपण कीबोर्डवर उत्तर टाइप करतो. एकदा करायचे असेल तर ठीक. साठ वेळा करायचे असेल तर कोणीही शहाणा माणूस स्क्रिप्ट लिहितो, म्हणजे आपल्या वतीने कामे करणारी आज्ञांची यादी. पण प्रोग्रॅम मध्येच थांबून प्रश्न विचारतो, त्याचे काय? सर्वात सोपा उपाय म्हणजे पाईप. उत्तरे आधीच लिहून ठेवायची आणि प्रोग्रॅमच्या तोंडाशी नळ लावल्यासारखी सोडायची. युनिक्समध्ये तर 'यस' नावाची एक आज्ञाच आहे. ती थांबवेपर्यंत 'वाय', 'वाय', 'वाय' एवढेच छापत राहते. ती पाईपने जोडली की प्रत्येक प्रश्नाला होकार. आपल्याकडच्या नंदीबैलासारखे! पाऊस पडेल का? मान हलली. मुलगा पास होईल का? मान हलली. प्रश्न काय होता हे बैलाला ठाऊक नसते.

माझे स्पष्ट मत असे आहे की प्रश्न न वाचता उत्तर देणारी स्क्रिप्ट संशोधनात वापरू नये. हे मत पुस्तकातून आलेले नाही. त्याची किंमत मी मोजली आहे.

मी प्रथिनांच्या हालचालींचे संगणकावर अनुकरण करते. त्यासाठी ग्रोमॅक्स नावाचे सॉफ्टवेअर वापरते, जे मूळचे नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातले आहे. त्यातली विश्लेषणाची साधने विचारतात: कोणत्या अणुगटाचे मोजमाप हवे? समोर क्रमांकांची यादी येते. शून्य म्हणजे सगळी प्रणाली, १ म्हणजे प्रथिन, ४ म्हणजे प्रथिनाचा कणा, वगैरे. माझ्या पहिल्या प्रणालीत औषधाचा रेणू १३ क्रमांकावर होता. मी स्क्रिप्टमध्ये ४ आणि १३ लिहिले, साठ प्रणालींवर ती रात्रभर चालवली आणि सकाळी आलेख पाहून खूश झाले. काही रेणू प्रथिनाच्या खाचेत असे घट्ट बसले होते की जागचे हलत नव्हते. ज्या सहकाऱ्यांना हे रेणू प्रयोगशाळेत प्रत्यक्ष तयार करायचे होते त्यांना मी यादी पाठवली.

तीन आठवड्यांनी लक्षात आले की ते सगळे 'घट्ट' रेणू एकाच प्रकारच्या प्रणालींतले आहेत. त्या प्रणालींत औषधाच्या जोडीला एनएडीपीएच हा सहघटकही होता, आणि फाइलमध्ये तो औषधाच्या आधी येत होता. म्हणजे तिथे १३ क्रमांक सहघटकाचा, औषध १४ वर. मी मोजत होते ते भलत्याच रेणूचे स्थैर्य. तो सहघटक तर मुळातच घट्ट बसतो! सहकाऱ्यांनी काम सुरू करायच्या आत मी चूक कळवली, पण तो ईमेल लिहिताना हात थरथरत होते.

सर्वात जास्त काय लागले, सांगू? प्रोग्रॅम खोटे बोललाच नव्हता. कोणता गट निवडला हे तो दर वेळी नावानिशी छापत होता. माझ्या लॉग फाइलमध्ये सत्य साठ वेळा लिहिलेले होते. वाचणारे कोणी नव्हते.

अशीच गोष्ट उत्क्रांतीचे वृक्ष काढणाऱ्या फिलिप या जुन्या प्रोग्रॅमसंचाची. जोसेफ फेल्सेनस्टाईन यांनी तो १९८० पासून वाटायला सुरुवात केली. त्यातले प्रोग्रॅम निकाल 'आउटफाइल' नावाच्या फाइलमध्ये लिहितात. ती आधीपासून असेल तर एक जादा प्रश्न येतो: पुसून टाकू, तिलाच जोडू, नवीन नाव देता, की थांबू? पहिल्या दिवशी फाइल नसते, म्हणून स्क्रिप्ट बिनबोभाट चालते. दुसऱ्या दिवशी हा प्रश्न मध्ये घुसतो आणि पुढची सगळी उत्तरे एकेक घर सरकतात. स्क्रिप्टमध्ये एका अक्षराचाही फरक नसतो.

यावर उपाय जुनाच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतले डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये 'एक्स्पेक्ट' हे साधन मांडले. त्याचा पाया म्हणजे जॉन आउस्टरहाउट यांची टीसीएल ही भाषा. त्यातले तीन शब्द कळले की अर्धे काम झाले. 'स्पॉन' म्हणजे प्रोग्रॅम सुरू कर. 'एक्स्पेक्ट' म्हणजे अमुक प्रश्न दिसेपर्यंत थांब. 'सेंड' म्हणजे आता उत्तर पाठव. आधी ऐकायचे, मग बोलायचे. पायथॉन वापरणाऱ्यांसाठी हेच काम 'पीएक्स्पेक्ट' करते.

यात आणखी एक खुबी आहे. पुष्कळ प्रोग्रॅम समोर खरा टर्मिनल आहे की पाईप, हे तपासतात. टर्मिनल असेल तर ओळ पुरी होताच छापतात. पाईप असेल तर मजकूर साठवून ठेवतात आणि साठा भरला की एकदम सोडतात. त्यामुळे स्क्रिप्ट प्रश्नाची वाट पाहते, प्रश्न साठ्यात अडकलेला असतो, प्रोग्रॅम उत्तराची वाट पाहतो, आणि दोघेही जन्मभर बसून राहतात. एक्स्पेक्ट पाईपऐवजी आभासी टर्मिनल उभा करते, म्हणून प्रोग्रॅमला वाटते की समोर माणूसच आहे. एसएसएच पासवर्ड पाईपमधून न घेता थेट टर्मिनलवरून घेते, तिथेही हीच युक्ती चालते. चालते म्हणून पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नका. त्यासाठी किल्ल्यांची जोडी असते.

पण एक्स्पेक्ट वापरले म्हणजे नंदीबैल शहाणा झाला, असे नाही. एक्स्पेक्ट प्रश्नाची वाट मुळात दहा सेकंद पाहते. तेवढ्यात प्रश्न आला नाही आणि तेव्हा काय करायचे हे तुम्ही सांगितले नसेल, तर ते निमूटपणे पुढच्या ओळीवर जाते आणि उत्तर पाठवून मोकळे होते. पुन्हा मान हललीच! पीएक्स्पेक्ट तीस सेकंद थांबते आणि मग चूक दाखवून काम बंद पाडते. मला दुसरी पद्धत पसंत आहे. अडलेले काम सकाळी दिसते. चुकीचे पुरे झालेले काम दिसत नाही.

'एवढा व्याप कशाला? माझी स्क्रिप्ट तर दोन वर्षे नीट चालते आहे,' असे तुम्ही म्हणाल. चालत असेलही. पण ती नीट चालते हे तुम्ही कशावरून ठरवले? चूक दाखवत नाही म्हणून? माझीही दाखवत नव्हती.

म्हणून माझा क्रम असा. प्रोग्रॅमला उत्तर आज्ञेतच देता येते का, हे आधी मदतपानात पाहा. बहुतेक वेळा सोय असते. नसेल तर एक्स्पेक्ट वापरा, आणि प्रश्न न आल्यास थांबण्याची ओळ लिहा. पाईपच लावायचा असेल तर क्रमांकाऐवजी नाव पाठवा. ग्रोमॅक्स गटाचे नावही स्वीकारते, आणि त्या नावाचा गट नसेल तर अडते. आता मी औषधाला सगळीकडे एकच नाव देते आणि शेवटी लॉगमधला निवडलेला गट स्क्रिप्टकडूनच तपासून घेते. त्या तपासणीच्या ओळी लिहायला अर्धा तासही लागला नाही.

आणि तुम्ही स्वतः असे प्रोग्रॅम लिहीत असाल तर एक विनंती: प्रत्येक प्रश्नाला आज्ञेतून उत्तर देण्याची सोय ठेवा. कारण तुमचा प्रश्न एक दिवस कोणाची तरी स्क्रिप्ट मध्यरात्री ऐकणार आहे, आणि तेव्हा खोलीत माणूस नसेल.