वारस एकदाच ठरावा

रावेरच्या पुढे केळीच्या बागा बऱ्हाणपूरच्या शिवारात नेमक्या कोठे शिरतात हे वाटसरूच्या ध्यानात येत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या दोन्हीकडे सोयरिकी होत आल्यामुळे हद्दीच्या अलीकडे सहा एकर व पलीकडे चार एकर अशी मिळकत असलेली घरेही या पट्ट्यात अपरिचित नाहीत. परंतु अशा घरातील कर्ता पुरुष निवर्तला, की त्याच्या हयातीत कोणाला न जाणवलेली ती हद्द एकाएकी आडवी येते. अलीकडच्या जमिनीसाठी तलाठी आप्पांकडे वारसनोंदीचा अर्ज, मग फेरफार, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी आणि शेवटी सातबाऱ्यावर नावे. पलीकडच्या जमिनीसाठी पटवाऱ्याकडे खसरा, बी-1 आणि नामांतरणाचे नवे प्रकरण, तेही हिंदीत, नव्या शपथपत्रांसह. त्यातच वडिलांनी मुलाच्या नोकरीसाठी सुरतेस उधन्यात एखादी सदनिका आपल्या नावे घेतलेली असेल आणि धाकटा मुलगा अमेरिकेत स्थायिक झालेला असेल, तर एकाच मृत्यूचे आणि त्याच त्या वारसांचे प्रमाण त्या कुटुंबाला ठिकठिकाणी नव्याने द्यावे लागते.

ही हद्द निसर्गाने आखलेली नाही. बऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची राजधानी आणि पुढे मोगलांच्या खान्देश सुभ्याचे मुख्य ठाणे; इंग्रजी अमलात ते मध्यप्रांतात गेले, उर्वरित खान्देश मुंबई इलाख्यात राहिला, 1906 साली त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि 1 मे 1960 रोजी पश्चिम खान्देशातील उच्छल-निझरकडील गावे गुजरातेत गेली. या विभागण्या योग्य होत्या की नव्हत्या हा वाद आता उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. मात्र ज्या शेतांमधून या रेषा गेल्या त्यांच्या वारसांची सोय कशी व्हावी, याचा विचार अद्याप पुरतेपणी झालेला नाही, आणि त्याची झळ सामान्य शेतकऱ्याला लागते.

वैगुण्य नेमके कोठे आहे ते पाहू. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याखाली, मयत जेथे राहत होता तेथील जिल्हा न्यायाधीशाने दिलेले उत्तराधिकार प्रमाणपत्र कलम 380 अन्वये सबंध भारतात चालते. म्हणजे ठेवींचे व भागरोख्यांचे वारस कोण हे जळगावच्या न्यायालयाने एकदा ठरविले, की सुरतेच्या किंवा इंदूरच्या बँकेला ते मानावे लागते. परंतु हे प्रमाणपत्र येणे रकमा व रोखे यांच्यापुरतेच आहे. शेत, घर, प्लॉट यांना ते लागू नाही. स्थावरासाठी मृत्युपत्राचे प्रोबेट घ्यावे, तर कलम 273 वाट अडविते: जिल्हा न्यायाधीशाने दिलेल्या प्रोबेटचा अंमल सामान्यतः त्या राज्यापुरता, आणि परराज्यात तो चालावा यासाठी मयताचे कायम वास्तव्य त्या न्यायालयाच्या हद्दीत असावे लागते, शिवाय परराज्यातील मालमत्तेची किंमत दहा हजार रुपयांहून अधिक नाही असा न्यायाधीशाचा दाखला लागतो. आज दहा हजार रुपयांत रावेरकडे बागायतीचा एक गुंठाही मिळणार नाही; तेव्हा ही सवलत पुस्तकात राहिली आणि तिचा उपयोग मात्र नष्ट झाला. सबंध देशात चालणारे प्रोबेट हवे असेल तर मुंबईस उच्च न्यायालयाची पायरी चढावी. जो कायदा जळगावच्या न्यायाधीशाचा शब्द लाखो रुपयांच्या ठेवींबाबत देशभर प्रमाण मानतो, तोच कायदा हद्दीपलीकडच्या चार एकरांबाबत त्याला अपुरा का ठरवितो, याचे समाधानकारक उत्तर मला कोठेही मिळालेले नाही.

प्रोबेटची सक्ती आता उरलेली नाही, असे यावर कोणी म्हणेल. खान्देशातील हिंदू माणसाने येथेच, येथील जमिनीसंबंधी केलेल्या मृत्युपत्राला ती पूर्वीही नव्हती; मुंबईतील स्थावरासंबंधीच्या मृत्युपत्राला ती होती, आणि 2025 च्या अखेरीस संसदेने कलम 213 वगळून तीही संपविली. पण सक्ती संपल्याने प्रमाणाची गरज संपत नाही, कारण मृत्युपत्र खरे कशावरून हा प्रश्न परक्या राज्यातील कचेरी विचारणारच. येथील न्यायालये 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खाली आजही वारस दाखले देतात. पण तो कायदा मुंबई इलाख्याचा आणि बऱ्हाणपूर त्या इलाख्यात कधीच नव्हते. तंटा झालाच तर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 17 दोन्हीकडच्या जमिनींसाठी एकाच न्यायालयात दावा लावू देते, ही खरी सोय आहे. तथापि हुकूमनामा झाल्यावर सारा भरणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याकडे जाते, आणि जिल्हाधिकारी पुन्हा दोन.

राज्याची हद्द ओलांडली नाही तरी कायदे बदलतात, हे तर आणखी थोड्यांना ठाऊक असते. जळगाव-धुळ्यास 1948 चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू, मुक्ताईनगरच्या पलीकडे मलकापुरास विदर्भाचा 1958 चा, आणि जामनेरच्या पलीकडे सोयगावास निजामी मुलखातून आलेला 1950 चा. यांपैकी 1948 चा कायदा गुजरातेतही चालतो, आणि त्याच्या तेथील स्वरूपाविषयी सर्वोच्च न्यायालयाने 15 जून 2020 रोजी विनोदचंद्र कापडिया यांच्या खटल्यात असे ठरविले, की शेतकरी नसलेल्या व्यक्तीला मृत्युपत्रानेही शेतजमीन देता येत नाही. ज्या निपुत्रिक माणसाने आपली सेवा करणाऱ्या, पण शेतकरी नसलेल्या परक्या माणसाच्या नावे शेत लिहून ठेवले असेल, त्याने हा निर्णय वकिलाकडून समजून घेतलाच पाहिजे.

मला सर्वांत अधिक चिंता वाटते ती लेकींची. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना वडिलार्जित मिळकतीत सहदायाद मानले, पण त्यापूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. मध्य प्रदेश व गुजरात येथे तसा कायदा नव्हता. म्हणून एका बापाच्या एकाच मुलीचा हक्क तापीच्या एका गावी निराळा आणि पुढच्या गावी निराळा, असे अकरा वर्षे चालले. 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने तो भेद मिटविला आणि विनीता शर्मा खटल्यातील 11 ऑगस्ट 2020 च्या निर्णयाने हा हक्क जन्मतःच असल्याचे निर्विवाद झाले; शिरपूर-साक्रीकडील आदिवासी भगिनी मात्र 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 2(2) मुळे अजून त्याच्या बाहेरच आहेत. पण कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत अंतर असते. आखाजीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, ‘ताई, आठे फक्त सही करी दे’ असे भाऊ म्हणतो, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. तिला हे कोणी सांगत नाही की त्या दस्तात सुरतेची सदनिका आणि बऱ्हाणपूरची जमीनही घातलेली आहे, किंवा मुद्दाम घातलेली नाही. स्वखुशीने हक्क सोडण्याचा तिचा अधिकार कोणी नाकारीत नाही. पण कशावरचा हक्क सोडते आहे हे तिला गट क्रमांकासह वाचून दाखविल्याशिवाय तो दस्त नोंदविला जाऊ नये.

परदेशस्थ मुलांच्या बाबतीत थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेतील मुलाला खान्देशातील शेत वारशाने मिळू शकते, विकत मात्र घेता येत नाही. आणि विकायचे झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. त्याने वडिलांना दिलेले मुखत्यारपत्र वडिलांच्या किंवा त्याच्या मृत्यूबरोबर संपते, तरीही त्याच मुखत्यारपत्रावर व्यवहार रेटण्याचे प्रयत्न होतात. आणि तोच मुलगा तेथे अधिवास पत्करून मृत्युपत्र न करता गेला, तर तेथील त्याची ठेव तेथील राज्याच्या कायद्याने जाईल, येथील शेतातील हिस्सा 1956 च्या कायद्याने; त्यात पत्नी, मुले आणि आई पहिल्या वर्गात असतात, वडील नसतात. दोन देशांत दोन मृत्युपत्रे करणे म्हणूनच शहाणपणाचे. मात्र दुसऱ्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे ठोकळेबाज वाक्य घातले गेले, तर पहिले नकळत नाहीसे होते.

बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे वारस ठरला, हा समज तर सर्वत्र आहे. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर यांच्या कुटुंबातील वादात सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी भागरोख्यांबाबत हा समज दूर केला: नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, वारसांचा हक्क अबाधित राहतो. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात. ते आपल्याहून तरुण आणि जवळपास राहणारे असावेत, कारण पुढे त्यांच्यापैकी एकाला न्यायालयात उभे राहावे लागू शकते.

तरीही सर्व भार नागरिकाच्या दूरदृष्टीवर टाकणे अन्यायाचे आहे. कलम 273 मधील दहा हजारांची अट रद्द व्हावी, आणि जिल्हा न्यायालयाने एकदा चौकशी करून ठरविलेले वारस ठेवींप्रमाणेच स्थावरासाठीही देशभर मानले जावेत, हे संसदेचे काम आहे. परंतु मयताच्या वारसांची यादी एका महसूल कचेरीने दुसऱ्या राज्यातील कचेरीला कळविणे, आणि परगावी असलेल्या बहिणीला फेरफाराची नोटीस चावडीवर न डकविता तिच्या पत्त्यावर पोहोचविणे, एवढे काम जळगाव, धुळे, बऱ्हाणपूर, सुरत व तापी येथील जिल्हाधिकाऱ्यांना एकत्र बसून या वर्षीही सुरू करता येईल.