गॅदरिंगची वर्गणी

शाळेत नाचगाणी, खेळ, सहली हव्यात का नकोत, यावर आमच्याकडं पारावर दरसाल वाद होतो. एक बाजू म्हणती, पोरांना पाढे येईनात आन् मास्तर त्यांना नाचायला लावतोय. दुसरी बाजू म्हणती, त्या इंग्रजी शाळेचं गॅदरिंग बघा कसं झोकात होतंय, आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचंही तसंच झालं पाहिजे. मला दोन्ही बाजू पटत नाहीत. पहिल्या बाजूला उत्तर द्यायला वेळ लागत नाही. दुसरीला सविस्तर द्यावं लागतं, कारण तिच्यापायी गरिबाची पोरं भरडली जातात.

पाढेवाल्यांनी आधी कायदा बघावा. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा आणि ८०० तास शिकवणं, असं त्यात लिहिलंय. म्हणजे दिवसाला चार तास झाले. पोरगं सकाळी दहाला जातं आन् संध्याकाळी पाचला येतं. मग खेळायला वेळ नाही असं कोण म्हणतं? त्याच कायद्यात शाळेला मैदान पाहिजे, वाचनालय पाहिजे, खेळाचं सामान पाहिजे, असंही आहे. खेळ म्हणजे मास्तरांनी केलेले उपकार नव्हेत. भिंत आन् फळ्याइतकाच तो पोराचा हक्क आहे.

आता गॅदरिंगवाल्यांकडं वळतो. आमच्या भागात हल्ली स्नेहसंमेलन म्हणजे काय, तर तालुक्यावरून नाच बसवणारा येतो, ड्रेस भाड्यानं येतात, स्टेज येतं, छाती धडधडेल असा साऊंड येतो. गाणी सिनेमातली. नाचात भाग घ्यायचा तर पाचशे रुपये वर्गणी. आमच्याकडं खुरपायला जाणाऱ्या बाईची ती दोन दिवसांची हजरी आहे. घरात दोन लेकरं असली तर चार दिवसांची. वरून सांगायचं, "सक्ती नाही." हा शब्द मोठा फसवा. सक्ती नाही म्हणजे ज्याच्याकडं पैसे आहेत ते पोरगं स्टेजवर आन् ज्याच्याकडं नाहीत ते खाली सतरंजीवर. वर्षभर एका वर्गात बसलेली पोरं त्या रात्री दोन जातींची होतात. फी नसलेल्या सरकारी शाळेत ही फीच झाली की. पावती तेवढी मिळत नाही.

बरं, कार्यक्रम तरी पोरांचा असतो का? सहाची वेळ दिलेली असते. पुढारी येतो आठला. मग दीपप्रज्वलन, शाल, नारळ, एकेकाचा सत्कार आन् भाषणं. तोंडाला पावडर लावलेली, उपाशी लेकरं पडद्यामागं पेंगत बसतात. साडेनऊला पहिला नाच होतो, तोवर पहिलीतली दोन झोपलेली असतात.

सगळ्यात वाईट गोष्ट पुढंच आहे. गॅदरिंग घेतात जानेवारीत, नाहीतर फेब्रुवारीत. त्या वक्ताला आमच्या डोंगरपट्ट्यातली निम्मी वस्ती कुठं असती? कारखान्यावर. मुकादमाची उचल घेतलेली, नवराबायकोचा एक कोयता धरलेला, दिवाळीच्या पुढंमागं बिऱ्हाड गाडीत घालून गेलेली. काही पोरं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, बाकीची उसाच्या फडात. वर्षाचा सगळ्यात मोठा कार्यक्रम नेमका त्या पोरांच्या माघारी. कुणी मुद्दाम करतं असं माझं म्हणणं नाही. पण तारीख ठरवताना त्यांची आठवण कुणालाच येत नाही, हे तर दिसतंच. पोळा, नवरात्र, दिवाळीच्या आधीचा आठवडा, तेव्हा सगळी पोरं गावात असतात. तेव्हा घ्या ना!

कुणी म्हणेल, शाळेला असं नाही जमत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात १९४५ ला बोर्डीत काम सुरू केलं, पुढं त्या कोसबाडला गेल्या. आदिवासी पोरं गुरांमागं जात होती, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणत तिला. त्यांना शाळा हलवता आली आन् आपल्याला नुसती तारीख हलवता येत नाही?

मास्तर लोकांची अडचण मला कळती. पट वीसच्या खाली गेला की शाळेवर गदा यायची भीती असती, म्हणून ते इंग्रजी शाळेशी झगमगाटात बरोबरी करायला जातात. कायद्यानं मास्तरला जनगणना, निवडणूक आन् आपत्ती सोडून बाहेरची कामं लावायची नाहीत. पण रोज मोबाईलवर माहिती भर, फोटो टाक, यात त्याचा दिवस जातो. कार्यक्रमसुद्धा फोटोपुरता उरतो. वृक्षारोपण झालं, फोटो गेला, रोप उन्हाळ्यात वाळून गेलं. तरी एक गोष्ट ध्यानात घ्या. पैसेवाल्यांनी आपली पोरं कवाच पिवळ्या बसमध्ये बसवलीत. पटावर उरलीत ती गरिबाचीच. त्यांनाच सतरंजीवर बसवलं तर पट कुणाच्या जिवावर टिकायचा?

आन् चांगल्या कार्यक्रमाला पैसा लागतोच कुठं? खोखोला दोन खांब आन् चुन्याची फक्की. एका डावात एका बाजूची नऊ पोरं मैदानात असतात, ड्रेस भाड्यानं आणावा लागत नाही. लेझमाला एक हलगी पुरते. परसबागेतली मेथी खिचडीत पडते, आन् वाफा कुणी शिंपला हे सगळ्या शाळेला ठाऊक असतं. बालबाजाराचं तर विचारूच नका. आमच्या शाळेच्या बाजारात चौथीतल्या एका पोरीनं दहाला एक अशा चाळीस जुड्या विकल्या. गुरुजी म्हणाले, चारशे रुपये नफा. ती म्हणाली, "बियाणं, खत आन् आईची खुरपणी धरली नाही, गुरुजी." उत्पादन खर्चाचा हा हिशेब भल्याभल्यांना अजून मांडता येत नाही. त्या पोरीला तो एका दुपारच्या बाजारात आला.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असतो आन् निम्म्या बाया असाव्या लागतात. म्हणजे हे ठरवायचा अधिकार आपल्या हातात आहे. पुढच्या सभेला चार गोष्टी लिहून घ्या. एक, पोराकडून एक रुपयाही वर्गणी नाही. दोन, पटावरचं प्रत्येक पोरगं एकदा तरी स्टेजवर जाणार. तीन, तारीख कोयता गावात असतानाची. चार, पाहुणा आला नाही तरी दिलेल्या वेळेला पडदा उघडणार. एवढं ठरवल्यावर साऊंड लहान असला तरी चालेल. इतिवृत्तावर सही करायच्या आधी मात्र ते वाचून घ्या, आन् वाचता येत नसेल तर आपल्याच पोराकडून वाचून घ्या.