आधी कढई उतरवा, मग डाव मांडा

खेळाच्या रात्री खायला काय ठेवावं, याबद्दल माझं एकच म्हणणं आहे. ज्या खाण्यापायी घरातलं एक माणूस डावावरून उठतं, ते खाणं त्या रात्रीचं नव्हे. आणि उठणारं माणूस कोण असतं, हे वेगळं लिहायला नको.

विषय निघाला भाच्यामुळे. तो पुण्याहून लोणंदला येताना हल्ली खेळांचे खोके घेऊनच येतो. या खेपेला कॅटान आणला. 1995 सालचा जर्मन खेळ, षटकोनी तुकड्यांचं बेट. लाकूड, विटा, लोकर, धान्य, खनिज मिळवायचं, आपापसांत अदलाबदल करायची आणि वस्त्या वाढवायच्या. खेळ झकास आहे. आमच्या ह्यांचा जन्म कांद्याच्या लिलावात गेला. नियम पुरते कळायच्या आत त्यांनी एका लोकरीवर समोरच्याच्या दोन विटा काढून घेतल्या. मग भाचा म्हणाला, "मामी, खाणंपण थीमचं पाहिजे गं. शंकरपाळी षटकोनी काप ना. आणि प्रत्येक मालाचा एकेक पदार्थ." म्हणजे पाच पदार्थ. मी विचारलं, "आणि मी खेळू कधी?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि कुणाच्यातरी सजवलेल्या टेबलाचा फोटो दाखवला. फोटोत करणारी कुठेच नव्हती.

हौसेला माझा विरोध नाही. खेळ आणि खाणं यांची सांगड तर आपल्याकडे पंचांगातच घातलेली आहे. कोजागरीचं व्रत बघा. आश्विन पौर्णिमेच्या रात्री लक्ष्मी आणि इंद्राची पूजा, नारळाचं पाणी, पोहे, आणि जागरणासाठी चक्क फाशांचा खेळ. एरवी ज्या खेळापायी पांडव वनवासाला गेले, तो त्या एका रात्री शास्त्रानेच खेळायला सांगितला आहे. त्यातलं खाणं नीट बघा: नारळ फोडायचा, पोहे भिजवायचे. चूल पेटवायचं कामच नाही. हे ज्याने कुणी ठरवलं, त्याला जागरण म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असणार. आता आपण त्यात आटीव मसाला दूध आणलं, तेही चांगलंच आहे. ते चंद्राला दाखवून मध्यरात्री प्यायचं, म्हणजे डाव आपोआपच थांबतो आणि पेले पटापासून लांब राहतात.

इंग्रजांची सँडविचची गोष्टही तीच. खरीखोटी देव जाणे, पण म्हणतात की अठराव्या शतकातल्या त्या सरदाराला पत्त्यांवरून उठायचं नव्हतं, म्हणून त्याने पावात मांस घालून मागवलं. पदार्थाला नावही त्याचंच मिळालं. पाव कापून आणून देणाऱ्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

आता आमच्या गावची अडचण. लोणंद म्हणजे कांदा, आणि कांदा म्हटलं की पाहुण्यांना भजी हवीत. भजी गरमच खायची असतात, म्हणजे एकजण घाण्याला उभी. बरं, खाणाऱ्यांचे हात? कॅरमच्या बोर्डावर तेलाचं एक बोट लागलं की पावडर तिथे चिकटून बसते आणि स्ट्रायकर नेमका राणीच्या अलीकडे अडखळतो. पत्ते एकमेकांना चिकटतात. कापडी सारीपाटाचं तर विचारूच नका. सासूबाईंच्या पटाच्या एका फाट्यावर हळदीचा पिवळा डाग आहे, तो कुठल्या पिढीच्या भज्यांचा हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. त्या घरावर सोंगटी आली की पोरं अजून ती डागाबाहेर सरकवतात. तेव्हा भजी डाव संपल्यावर, आणि हरलेल्यांनी तळायची. हा नियम आमच्याकडे आता पाळला जातो.

थीमच हवी असेल तर एक सुचवते. सापशिडीचं जुनं रूप मोक्षपट. तो ज्ञानेश्वरांनी रचला अशी श्रद्धा आहे. जे जुने पट अभ्यासकांच्या हाती आहेत ते बरेच अलीकडचे. डेन्मार्कच्या जेकब श्मिट-मॅडसन यांनी 18व्या-19व्या शतकातल्या पश्चिम भारतातल्या अशा पटांवर डॉक्टरेट केली. त्यात साप म्हणजे काम, क्रोध, लोभ. शिड्या म्हणजे सद्गुण. नीरास्नान आटोपून माउलींची पालखी आमच्याच गावी मुक्कामाला येते, त्यामुळे मला हा खेळ परका वाटत नाही. तो मांडावा एकादशीच्या रात्री. राजगिऱ्याची वडी, भाजलेले शेंगदाणे, खजूर, केळी. सगळं कोरडं, एका हाताने उचलता येणारं आणि सकाळीच करून ठेवता येणारं. एकादशी अन् दुप्पट खाशी हे आहेच, तेव्हा चौथ्या वडीला हात घालणाऱ्याला लोभाच्या सापाने गिळलं की घरभर हशा पिकतो. याहून वेगळी थीम काय हवी?

व्यापाराच्या पटावर मुंबईला वडापाव, आग्र्याला पेठा, दार्जिलिंगला चहा, असंही पोरं करतात. विकत आणणार असाल तर जरूर करा.

यंदा कोजागरीला गच्चीवर पट मांडाल तेव्हा एवढं करा. दूध आटवायचं काम संध्याकाळीच घरातल्या पुरुषांवर सोपवा. पातेल्याजवळ उभं राहून ढवळत राहायचं, एवढंच त्यात शिकण्यासारखं आहे. आणि पहिलं दान घरच्या बाईला टाकू द्या.