मुळांतील शस्त्र

वनस्पतींना हात नाहीत, पाय नाहीत. म्हणून त्या अगदी निरुपद्रवी असतात, अशी आपली समजूत असते. ही समजूत खरी नव्हे. जागा, पाणी आणि ऊन यांसाठी त्यांच्यातही झगडा चालतो आणि काहींजवळ त्यासाठी रासायनिक शस्त्रे असतात.

आपली ज्वारीच पाहा. तिच्या मुळांवरील केसांसारख्या बारीक तंतूंतून पिवळसर, तेलकट द्रव्य स्रवते. त्याला सॉर्गोलिओन म्हणतात. ते मातीत मिसळले, की बारीक बियांच्या तणांची कोवळी रोपे खुरटतात. कारण सूर्यप्रकाशात अन्न तयार करण्याचे त्यांचे काम अडते. वनस्पतींच्या अशा परस्परप्रभावाला हान्स मोलिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९३७ साली ‘ॲलिलोपॅथी’ हे नाव दिले.

या ज्ञानाचा उपयोग आपण शेतीत अवश्य करावा, असे माझे मत आहे. आपल्या आयाबहिणी भर उन्हात ओणव्याने खुरपणी करतात, तेव्हा त्यांची पाठ मोडून येते. तणनाशक फवारले तर श्रम वाचतात, हे खरे. परंतु त्यासाठी पैसा पडतो आणि निष्काळजीपणे फवारले तर शेजारचे पीक व ओढ्याचे पाणीही बिघडते. मग पिकाच्या अंगचीच शक्ती का वापरू नये?

कोणी म्हणेल, “नैसर्गिक ते सारे चांगलेच!” तसेही नाही. १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस आलेले गाजरगवत आज देशभर पसरले आहे. तेही पार्थेनिन नावाच्या विषाने इतर रोपांची वाढ रोखते, आणि त्याच्या स्पर्शाने माणसाच्या अंगाला खाज सुटते. शस्त्र तेच, ते कोणाच्या हाती आहे, हे महत्त्वाचे.

शिवाय या उपायालाही मर्यादा आहेत. पाकिस्तानात फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात ज्वारीची ताटे पाण्यात भिजवून काढलेला अर्क गव्हातील तणांवर फवारून पाहिला. तण कमी झाले. समूळ नाहीसे झाले नाही. म्हणजे खुरपे अडगळीत टाकण्याचा दिवस अद्याप उगवलेला नाही. तथापि चार खुरपण्यांच्या ठिकाणी दोन पुरल्या, तरी ते थोडे का आहे?

मुलांनो, शेताच्या बांधावरून जाताना कोणत्या झाडाखाली गवत माजते आणि कोणत्या झाडाखाली ते उगवतच नाही, हे डोळसपणे पाहा. कदाचित दाट सावली हेही त्याचे कारण असेल; म्हणून घाईने निष्कर्ष काढू नका. आधी पाहावे, मग पडताळावे आणि नंतरच मानावे. शेतीचे पुष्कळसे ज्ञान असेच हाती आले आहे.