तडजोडीला वकील हवा

रुखमाबाईंच्या खटल्यात कोर्टाने निकाल दिले, पण खटला संपवला तो कोर्टाने नव्हे. पत्नीने नांदायला यावे म्हणून दादाजी भिकाजींनी १८८४ साली मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट हुकूम दिला : नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. रुखमाबाईंनी तुरुंगाची तयारी ठेवली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. चार वर्षांच्या बदनामीनंतर मिटले ते तडजोडीने.

ही तडजोड आधीच का होऊ नये? अमेरिकेत मिनेसोटातील वकील स्टुअर्ट वेब यांनी १९९० साली त्यासाठी एक रीत काढली. नवरा-बायको आणि दोघांचे दोन वकील एकत्र बसतात, कागदपत्रे उघड ठेवतात आणि आधीच लिहून देतात की बोलणी फिसकटली, तर दोन्ही वकील बाजूला होतील. म्हणजे भांडण लांबवण्यात वकिलाचा फायदाच उरत नाही.

बँकेच्या नोकरीत मी पाहिले आहे की हुकूमनामा हाती असूनही वसुली होत नाही. कर्जदाराने स्वतः कबूल केलेला हप्ता मात्र बहुधा येतो. पोटगीचेही तसेच असावे.

आपल्याकडे १९७६ पासून हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोट आहे. कुटुंब न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा, असे १९८४ चा कायदाच सांगतो. पण लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत प्रश्न वेगळे असतात. भाडेपावती सासऱ्यांच्या नावावर, चाळ पुनर्विकासात. नव्या घरात सुनेचे काय? मूल गणपतीत कुणाकडे? एवढे बारकावे हुकुमात मावत नाहीत, समोरासमोर बसूनच ठरतात.

कुणी म्हणेल, वडीलधाऱ्यांची बैठक आपल्याकडे होतीच. होती, पण तिथे सुनेच्या बाजूने बोलणारे कोण असे? या रीतीत तिचा स्वतःचा वकील शेजारी असतो. जिथे मारहाण आहे, धाक आहे, तिथे मात्र बोलणी नकोत. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदाच हवा.

राहिला खर्च. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. तो केवळ दावा लढवायला न देता अशा बोलण्यांसाठीही मिळाला, तर गिरगाव-लालबागच्या घरांना त्याचा खरा उपयोग होईल.