वाढत्या अंगाची सायकल

पुण्यात कुणाला ‘मी कोरेगावचा’ असं सांगितलं की समोरचा आधी माझ्या बुटांकडे बघतो, मग घड्याळाकडे. आणि विचारतो, ‘पार्कात कुठं?’ पार्कात नाही हो! आमचं कोरेगाव सातारा जिल्ह्यातलं. पंढरपूर रस्त्यावरचं, जरंडेश्वराच्या डोंगराजवळचं, आल्याचं आणि वाघ्या घेवड्याचं. (त्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, हे मी ऑफिसच्या कँटीनमध्ये राजमा असला की दर वेळी सांगतो. कुणी ऐकत नाही.)

तर त्या कोरेगावातून एका रविवारी सकाळी सात वाजता ताईचा फोन. वीकेंडला सातचा फोन म्हणजे एक तर कुणी गेलं किंवा कुणाचं ठरलं. यातलं काहीच नव्हतं.

‘आरं, हिला एक सायकल बघ की पुण्यात. शर्यतीची. डोंगरातली.’

‘ही’ म्हणजे माझी भाची. वय बारा, उंची चार फूट सात इंच, वजन 32 किलो आणि त्यातलं निम्मं बडबडीचं. शाळेतल्या एका सरांच्या नादानं गेल्या वर्षापासून माउंटन बाइकच्या शर्यतींत उतरतेय. चौदा वर्षांखालच्या गटात. चढाला सॉलिड आहे पोरगी.

‘अगं, पण तिच्याकडं आहे ना सायकल? दाजींनी घेतलेली?’

‘त्याच सायकलीनं घात केला बघ. हनुवटीला चार टाके पडलेत. टाक्यांचं काय नाही, पण आता म्हणतीय, मी शर्यतीला जाणारच नाही.’

पुढच्या शनिवारी खंबाटकी उतरून मी कोरेगावला हजर.

सायकल ओसरीवर उभी होती. दिसायला एकदम भन्नाट. पुढं शॉकअप, मध्ये शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, 21 गिअर, लाल-काळा रंग. चाकं 26 इंची आणि फ्रेम माझ्या मापाची. म्हणजे मी पाच फूट आठ इंच, मला ती बरोब्बर झाली. दोन वर्षांपूर्वी घेताना दुकानदार दाजींना म्हणाला होता, ‘वाढत्या अंगाची घ्या, चार-पाच वर्षं बघायला नको.’ दाजींना ते पटलं. मलाही पटलं असतं. तुम्हालाही पटलं असतं.

कारण आपण सगळे वाढत्या अंगाचेच! जूनमध्ये शाळेचा गणवेश शिवायला टाकला की आई शिंप्याला सांगायची, ‘जरा वाढत्या अंगाचा घ्या हं.’ शर्टात आणखी एक पोरगं मावेल एवढा तो ढगळ. पँटला आत चार बोटं दुमड, दर वर्षी एक बोट उसवायची. बुटांच्या पुढं कापूस. चौथीत मी विदूषक दिसायचो आणि सातवीत कुठे माणसात यायचो, तोवर पँटचा रंग गेलेला असायचा. पण ढगळ शर्टानं कुणाच्या हनुवटीला टाके पडत नाहीत. सायकलनं पडतात.

झालं होतं असं. चढ भाचीनं दात-ओठ खात काढला. उतार सुरू झाला. मोठ्या फ्रेमवर सीट पार खाली घेतलेली, तरी हँडल लांब, म्हणून अंग पुढं ताणलेलं. ब्रेकच्या लिव्हरपर्यंत फक्त बोटांची टोकं पोचायची. सपाटीवर तेवढ्यानं भागतं. खडकाळ उतारावर हात हादरले, बोटं सुटली आणि ब्रेक लागलाच नाही. तिनं मला हे सांगितलं तेव्हा आवाज अगदी बारीक होता. ‘मामा, मी दाबत होते रे.’

मी तिच्या कानाला धरून ‘भित्री’ म्हणणार होतो, ते शब्द गिळले.

मग आम्ही मापं काढायला बसलो. हा उद्योग कुणीही घरी करू शकतो. पोराला अनवाणी, पाठ भिंतीला टेकवून उभं करायचं. दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड वही वरपर्यंत दाबून धरायची आणि वहीच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची खूण. जमिनीपासून ती खूण म्हणजे टांगेची उंची. भाचीची भरली साडेपंचवीस इंच. सायकलच्या दांडीवर दोन्ही पाय टेकून उभं राहिल्यावर डोंगरी सायकलीला निदान दोनेक इंच जागा सुटायला हवी. इथे जागा सोडाच, पोरगी टाचा उचलून उभी राहायची. मग ताईच्या वजनकाट्यावर मी आधी एकटा उभा राहिलो, नंतर सायकल उचलून. फरक 17 किलो!

32 किलोच्या पोरीखाली 17 किलोची सायकल. हिशोब माझ्या वजनाला लावून बघितला. मला 38 किलोची सायकल देऊन कुणी ‘चढ की डोंगर’ म्हटलं असतं तर मी तिथंच बसून वडापाव मागवला असता. पोरगी दोन वर्षं त्या ओझ्यावर चढ काढत होती!

आता शॉकअपचा फंडा. स्वस्त सायकलीतला शॉकअप म्हणजे एक जड स्प्रिंग. मोठ्या माणसाच्या वजनानं ती थोडीफार दबते, 32 किलोनं हलतही नाही. म्हणजे काम शून्य आणि वजन दोन-तीन किलो. तीच गत 21 गिअरची. पुढं तीन चकत्या, मागं सात, गुणाकार 21. यातले बरेच गिअर एकमेकांची झेरॉक्स असतात. शर्यतीच्या चांगल्या डोंगरी सायकलींना आता पुढं एकच चकती असते. पोराला लागतो तो चढावरचा एक हलका गिअर, आणि तो आहे का एवढंच बघायचं. पण दुकानात 21 हा आकडा विकला जातो. मोबाइलच्या मेगापिक्सेलसारखं.

तसंही या खेळाचा जन्म काही शोरूममध्ये झालेला नाही. 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत काही टवाळ पोरं जुनाट, जाड टायरच्या सायकली डोंगरावर न्यायची आणि धुळीच्या रस्त्यावरून सुसाट खाली सोडायची. पायडल उलटं मारून लागणारा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा, दर खेपेला नवं भरावं लागायचं. त्यावरूनच त्या शर्यतीला ‘रिपॅक’ नाव पडलं. वीस वर्षांनी, 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखलही झाला. सुरुवात मात्र भंगारातली. ही गोष्ट मी भाचीला सांगितली, तर ती पहिल्यांदा हसली. टाके ओढले गेले म्हणून लगेच थांबली.

रात्री जेवताना दाजी म्हणाले, ‘कर्ज काढू की. त्या स्वामी सरांनी नाही का काढलं?’

साताऱ्यात हे उदाहरण घरोघर आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये आदिती स्वामी बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली, वयाच्या सतराव्या वर्षी. शिक्षक असलेल्या वडिलांनी तिच्या धनुष्यबाणासाठी कर्ज काढलं होतं, हे तेव्हा पेपरांत आलं होतं. दाजींच्या डोळ्यांत ते पाणी मला दिसत होतं. आल्याचा भाव त्या वर्षी पडलेला, ताईचं बजेट ‘बारा हजार, ओढून-ताणून’, आणि हा माणूस साठ हजारांच्या सायकलीची भाषा करत होता.

मी म्हटलं, ‘दाजी, कंपाउंड धनुष्याची खेच आणि ताण ठरावीक मर्यादेत वाढवता येतो. ते पोराबरोबर थोडं तरी वाढतं. सायकलची फ्रेम वाढत नाही. ही पोरगी दीड-दोन वर्षांत त्या साठ हजारांतून बाहेर पडेल. कर्ज काढायचंच तर उंची थांबल्यावर काढा.’

दाजी काही बोलले नाहीत. भाकरी मोडत राहिले. वाईट वाटलं मला. पोरीवरच्या जिवापोटीच तर बोलत होते.

मात्र सायकललाही थोडी दुमड असते, हे मला पुण्यातल्या एका मिस्त्रीनं शिकवलं. तीन ठिकाणी. एक, सीटची दांडी. ती वर घेता येते, पण तिच्यावर कोरलेल्या खुणेपर्यंतच. खूण बाहेर दिसली की थांबायचं, नाहीतर दांडी किंवा फ्रेम मोडते. दोन, हँडल धरणारा पुढचा तुकडा, स्टेम. आज आखूड बसवायचा, वर्षानं लांब. तीन, पायडलचे दांडे. लहान पोराला आखूडच हवेत. थोडक्यात, फ्रेम आजच्या मापाची आणि दुमड भरपूर, अशी सायकल शोधायची. भाचीसाठी म्हणजे 24 इंची चाकांची, ॲल्युमिनियमची, पुढं साधा ताठ फोर्क असलेली.

नवी बघितली. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, त्यामुळे मी जरा ऐटीत दुकानात शिरलो. जे हलकं होतं ते 18 हजारांच्या पुढं. बारात जे बसत होतं ते पुन्हा शॉकअपवालं, 15 किलोचं. एक सेल्समन तर म्हणाला, ‘सर, 24 कशाला, 26 घ्या ना, वाढत्या...’ मी पुढचं ऐकलं नाही.

मग डोक्यात ट्यूब पेटली. 2020 च्या लॉकडाउनमध्ये अख्ख्या पुण्याला सायकलचा साक्षात्कार झाला होता. दुकानांत वेटिंग होतं, आठवतंय? त्या सायकली आता कुठंयत? बाल्कनीत. त्यांच्यावर टॉवेल वाळतात! मी सोसायटीच्या, ऑफिसच्या, शाळेच्या बॅचच्या, होत्या नव्हत्या त्या सगळ्या ग्रुपवर मेसेज टाकला. उत्तरं मजेशीर आली. तीन जणांकडे 29 इंची राक्षस. एकानं जिमची जागेवरची सायकल देऊ केली. चौथ्या दिवशी बाणेरहून एका बाईंचा फोन आला. मुलगा आता दहावीला, त्याची 24 इंची चार वर्षं पार्किंगमध्ये पडून. साडेअकरा किलो. सात हजार म्हणाल्या.

मिस्त्रीला सोबत नेलं. (जुनी सायकल घेताना हे दोन-तीनशे रुपये वाचवू नका.) त्यानं रंगाकडे बघितलंच नाही. टॉर्च पाडून फ्रेमचे सगळे जोड बघितले, विशेषतः हँडलच्या खालचा आणि सीटच्या खालचा. तिथं केसासारखी चीर असली तर सायकल फुकटही नको. चाकं उचलून फिरवली, रिम डुलतेय का ते पाहिलं. पायडलचे दांडे धरून आडवे हलवले. आणि सीटची दांडी खेचून पूर्ण बाहेर काढली. ‘वर्षानुवर्षं तेल नाय लागलं की ही आतच धरती. मग तुमची दुमड संपली,’ म्हणाला. निघाली. आम्ही दोघांनी सुस्कारा सोडला. बाईंना पैशापेक्षा सायकल कुठं चाललीय याचं जास्त कुतूहल होतं. सांगितल्यावर सात हजारांचे सहा झाले.

चेन, मागची चकती, ब्रेकची रबरं, वायरी आणि खाच्यांचे नवे टायर. चार हजार त्यात गेले. एकूण दहा. ताईचे दोन हजार वाचले, ते मी हेल्मेटमध्ये घालवले आणि त्यावर वाद घालू दिला नाही. सर्वांत महत्त्वाचं काम मात्र फुकटात झालं. ब्रेकच्या लिव्हरच्या मुळाशी एक चिमुकला स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते. लहान बोटांसाठी. त्या 17 किलोवालीलाही तो स्क्रू होता. दोन वर्षांत कुणी फिरवला नव्हता, मीही नाही.

दोन्ही चाकं काढून सायकल मागच्या सीटवर आडवी घातली आणि कोरेगाव गाठलं. भाची ओसरीवर आली, बघितलं आणि तोंड पडलं.

‘मामा, ही बारक्या पोरांची आहे. हिला शॉकअप पण नाही.’

मी काही बोललो नाही. टायरमधली हवा थोडी कमी केली (गावातला पंक्चरवाला दगडासारखं टाइट भरतो, एवढ्या हलक्या पोरीचं चाक मग खडकावर चेंडूसारखं उडतं) आणि म्हटलं, कालव्यापर्यंत जाऊन ये. धोमच्या कालव्याकडेचा कच्चा रस्ता तसा सरळ आहे. दहा मिनिटांचं काम. ती आली पन्नास मिनिटांनी. ताई तोवर तीनदा फाटकापर्यंत जाऊन आली होती. पोरगी घामानं निथळत होती आणि सायकल एका हातानं उचलून ओसरीची पायरी चढली. आधीची तिला दोघांनी उचलून द्यावी लागायची.

‘टेकाडावर गेलेले,’ म्हणाली. ‘उतरताना दोन बोटांनी ब्रेक लागतो.’

दीड महिन्यांनी शर्यत झाली. चौदा मुलींत सहावी आली. दाजींना पाचात हवी होती, सर म्हणाले बरंय. ती मात्र उतारावर दोघींना मागं टाकलं तेवढंच सांगत होती, प्रत्येक पाहुण्याला, हातवारे करून. लाल-काळी सायकल आता दाजींकडे आहे. पंपावर मोटार चालू करायला शेतात जाताना नेतात. त्यांना ती बरोब्बर होते.

ताईनं भिंतीवरची ती पेन्सिलची खूण पुसू दिलेली नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वही घेऊन नवी खूण करतात. परवा सकाळी सातला फोन आला.

‘पाऊण इंच वाढली बघ.’

मी चहा घेऊन बाल्कनीत आलो आणि समोरच्या बिल्डिंगच्या बाल्कन्या बघायला लागलो. चौथ्या मजल्यावर टॉवेलखाली एक 26 इंची दिसतेय. फ्रेम लहान वाटते.